अकराव्या तासाचे पाचारण

शास्त्रपाठ : मत्तय २०:१-१६ आणि रोम १६:१-२



सकाळी आठच्या सुमारास देवासमध्ये मजूर ज्या चौकात उभे राहतात तेथे तुम्ही थोडा वेळ थांबून पाहा. कोणाच्या हाती थापी असते, कोणाच्या खांद्यावर फावडे, कोणी नुसतेच डबा घेऊन उभे. ठेकेदार मोटारसायकलवर येतो, नजर फिरवतो आणि बोट दाखवतो. आधी तरणेबांड गडी उचलले जातात. मग कारागीर. दहा वाजेपर्यंत चौक निम्मा रिकामा होतो. अकरा वाजता कोण उरते? ज्याचे केस पिकले आहेत तो. कडेवर मूल असलेली बाई. गेल्या महिन्यात आजारी पडून उठलेला. ती माणसे आळशी नसतात. तीही पहाटेच घरून निघालेली असतात. त्यांच्याकडे कोणी बोट दाखवलेले नसते, एवढेच.

प्रभू येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्त या चौकात उभे राहून वाचला की निराळाच वाटतो. धनी पहाटे बाजारात जातो. पुन्हा तिसऱ्या तासाला जातो, सहाव्याला, नवव्याला. आणि दिवस मावळायला एक तास उरला असता अकराव्या तासालाही जातो. तेथे उभ्या असलेल्यांना तो विचारतो की दिवसभर तुम्ही रिकामे का? त्यांचे उत्तर अगदी साधे आहे. आम्हांला कोणी कामाला लावलेच नाही. धनी त्यांचे वय विचारत नाही, आधी कोठे काम केले ते विचारत नाही. तो त्यांना मळ्यात पाठवतो.

ईश्वरविज्ञानाची पदविका घेतल्यापासून आजवर हा दृष्टान्त मी कितीतरी वेळा समजावून सांगितला आहे. प्रत्येक वेळी मी वधस्तंभावरील चोराचे उदाहरण देत असे. शेवटच्या घटकेलाही तारण आहे, हा अर्थ खराच आहे. पण माझ्या स्वतःच्या घरात एक जण अकराव्या तासाला चौकात उभी होती, आणि तिला मळ्यात जाण्यापासून अडवणारा मीच होतो. आज त्याची कबुली देऊन मला हे प्रवचन करायचे आहे. हा विषय आपल्या अनेक कुटुंबांत आज ना उद्या येणार आहे, म्हणून.

माझी बहीण

आमचे वडील नोकरीच्या निमित्ताने नगर जिल्ह्यातून देवासला आले आणि आम्ही येथलेच झालो. रविवारची उपासना हिंदीत होते, पण आम्हां मराठी कुटुंबांची घरोघरची प्रार्थनासभा अजून मराठीत चालते. माझी धाकटी बहीण येथेच शिकली, येथेच एका लहान खाजगी शाळेत शिक्षिका झाली. संडे स्कूलमध्येही ती लहान मुलांचा वर्ग घेत असे. तिचे लग्न झाले, एक मुलगी झाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली आणि तिचे यजमान इंदूरच्या एका रुग्णालयात दाखल झाले. त्या दिवसांत नातेवाइकांना आत सोडत नसत, हे आपणा सर्वांना आठवत असेल. नवव्या दिवशी रात्री दोनच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे एक नर्स होती. तिने आधी जे सांगायचे ते सांगितले. मग म्हणाली, "ताई, एक गोष्ट लक्षात ठेवा. ते एकटे नव्हते. मी शेवटपर्यंत त्यांचा हात धरून उभी होते."

त्या नर्सचे नाव आम्हांला आजही ठाऊक नाही. तिचा चेहरा आम्ही पाहिला नाही, आणि त्या पांढऱ्या पोशाखामुळे तो माझ्या मेहुण्यालाही दिसला नसेल. पण माझ्या बहिणीने त्या एका वाक्यावर पुढची दोन वर्षे काढली.

२०२३ च्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली. हातात नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म होता. तिचे वय तेव्हा तेहेतीस. ती म्हणाली, "दादा, मला हे करायचं आहे. त्या बाईनं माझ्यासाठी जे केलं ते मला दुसऱ्या कोणासाठी करायचं आहे."

मी काय उत्तर दिले? मी म्हणालो, अठरा वर्षांच्या पोरींबरोबर बाकावर बसशील का? मुलीचे काय? रात्रपाळ्या कशा करशील? लोक काय म्हणतील? आणि हे सगळे सांगून झाल्यावर उपदेशकाला शोभेल असे एक वाक्य जोडले : "आपण याविषयी प्रार्थना करू."

बंधुभगिनींनो, त्या वाक्यात प्रार्थना नव्हती. ती टाळाटाळ होती. प्रार्थनेचे नाव घेऊन मी दार लावले. ती काही बोलली नाही. फॉर्मची तारीख निघून गेली. त्या वर्षाचे प्रवेश संपले. नर्सिंगच्या प्रवेशाला वयाची मर्यादा आहे, त्यामुळे तिच्यापुढे मोजकीच वर्षे होती. त्यांतले एक मी खाल्ले.

धारची ती संध्याकाळ

त्यानंतरच्या हिवाळ्यात धारच्या मराठी कुटुंबांनी मला प्रार्थनासभेसाठी बोलावले. देवासहून इंदूर आणि इंदूरहून धार असा बसचा प्रवास. बसमध्ये मी हाच द्राक्षमळ्याचा दृष्टान्त पुन्हा वाचून ठेवला होता. सभा एका ऐंशीच्या घरातल्या बाईंकडे होती. तरुणपणी त्यांनी मिरजेला नर्सिंगचे शिक्षण घेतलेले, लग्न होऊन माळव्यात आलेल्या, जन्मभर पेशंटची सेवा केलेल्या. सभा संपून चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "अकराव्या तासाचं तुम्ही छान सांगितलंत. पण या धारमध्ये उभं राहून तुम्ही ओहारा डॉक्टरीणबाईंचं नाव कसं घेतलं नाही? त्या इथं आल्या तेव्हा चाळिशीच्या होत्या."

मला ते नाव ओझरते माहीत होते. घरी आल्यावर मी वाचून काढले. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने १८७७ साली इंदूरला मिशनचे काम सुरू केले. स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे येत नसत, त्यामुळे कितीतरी जणी औषधावाचून मरत. म्हणून १८८४ पासून त्या मंडळीने स्त्री डॉक्टर पाठवायला आरंभ केला. मार्गारेट ओहारा त्यांपैकीच एक. त्यांचा जन्म १८५५ चा. आधी त्या शाळेत शिकवीत असत. मग उशिरा वैद्यकीच्या शिक्षणाकडे वळल्या, आणि १८९१ साली पदवी घेऊन मध्य भारतात आल्या तेव्हा त्या छत्तीस वर्षांच्या होत्या. १८९५ साली त्या पवारांच्या या धार संस्थानात आल्या. तेथे स्त्रियांसाठी रुग्णालय उभे राहिले. १९२७ पर्यंत त्या या भागात राहिल्या. मधल्या काळात छप्पनच्या दुष्काळासारखी भयंकर वर्षे येऊन गेली. त्यांना सरकारने कैसर-इ-हिंद पदकही दिले. त्या नर्स नव्हत्या, डॉक्टर होत्या, हे मला ठाऊक आहे. पण विचार करा. शाळेत शिकवणाऱ्या त्या बाईला तिच्या भावाने "या वयात काय?" म्हणून अडवले असते, आणि तिने ऐकले असते, तर धारच्या त्या बायकांचे काय झाले असते?

त्या वृद्ध बाईंना मी त्या संध्याकाळी सहज सांगून गेलो होतो की माझी बहीणही मागे नर्सिंगचा विचार करत होती. त्यांनी विचारले, "मग अडलं कुठं?"

काही केल्या माझ्या तोंडून दुसरे उत्तर निघेना. मी म्हणालो, "माझ्यापाशी."

दुसऱ्या दिवशी देवासला परत येताच मी बहिणीकडे गेलो आणि तिची क्षमा मागितली. म्हणालो, मी तुला प्रार्थना कर असे सांगितले होते. ती शांतपणे म्हणाली, "दादा, मी प्रार्थना करूनच तो फॉर्म आणला होता."

या अनुभवातून या शास्त्रपाठाने मला जे शिकवले ते तीन गोष्टींत सांगतो.

पहिली गोष्ट : पाचारण वय विचारत नाही

मोशे फारोपुढे उभा राहिला तेव्हा ऐंशी वर्षांचा होता, असे निर्गमाच्या सातव्या अध्यायात दिले आहे. आधी राजवाड्यात, मग मेंढरांमागे, आणि मग लोकांपुढे. पेत्र मासे धरणारा. मत्तय जकात नाक्यावर बसणारा. या सर्वांचे दुसरे काम हेच त्यांचे खरे काम ठरले.

परिचर्येच्या इतिहासातही हेच दिसते. जर्मनीत कैसरस्वेर्थ येथे थिओडोर फ्लीडनर नावाच्या पाळकाने १८३६ साली सेविकांसाठी घर उघडले आणि त्यांना रुग्णसेवेचे रीतसर शिक्षण देऊ लागला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्याच ठिकाणी १८५१ साली शिक्षण घेतले. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या, आणि तोवरची कितीतरी वर्षे घरच्यांच्या विरोधात गेली होती. त्यांच्या घरचे लोक वाईट नव्हते. आपल्यासारखेच होते. घराण्यातल्या मुलीने रुग्णालयात काम करणे त्यांना कमीपणाचे वाटे.

आपल्या मराठी समाजात हा कमीपणा काही थोडा नव्हता. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले. तेथे १८९१ साली काशीबाई गणपत या पहिल्या भारतीय परिचारिका शिकायला आल्या, अशी नोंद नर्सिंगच्या पुस्तकांत आढळते. पुढे रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन उभे केले आणि ससून रुग्णालयाशी जोडून विधवा व गरजू स्त्रियांना नर्सिंग शिकण्याची वाट करून दिली. त्या विधवांपैकी कितीतरी जणींचे पहिले आयुष्य संपले असे लोकांनी ठरवून टाकले होते. सेवासदनाने त्यांना दुसरे दिले. आणि आपल्या ख्रिस्ती मंडळीविषयी काय सांगावे? मिरज, नगर, जालना, जेथे जेथे मिशनची रुग्णालये होती तेथे आमच्या आत्या, मावश्या, आज्या पांढरी साडी नेसून उभ्या राहिल्या. दुसऱ्यांनी ज्या कामाला नाक मुरडले ते त्यांनी हाती घेतले. आज त्यांचीच नातवंडे "नर्स? त्यापेक्षा दुसरे काही नाही का?" असे म्हणतात, तेव्हा माझ्या मनाला वेदना होतात. आणि असे म्हणणाऱ्यांत मीही होतो.

हे काम हलके आहे असे निदान देवासकरांनी तरी म्हणू नये. १९४८ च्या आरंभी कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन आपल्या या गावी राहायला आले. गाणे बंद. सुमारे पाच वर्षे ते अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या पत्नी भानुमतीबाई स्वतः गायिका होत्या. त्यांनी घर चालवण्यासाठी शाळेत नोकरी केली आणि उरलेला वेळ पतीच्या उशाशी काढला. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध तेव्हा नव्याने मिळू लागले होते, त्याने रोग हटला. पण रोज अंथरूण बदलणे, वेळेवर खाऊ घालणे, धीर देणे, हे औषधाच्या बाटलीतून येत नसते. पुढे ते गाणे साऱ्या देशाने ऐकले. ते गाणे आधी कोणाच्या तरी शुश्रूषेने जगवले होते.

दुसरी गोष्ट : पाचारण मिळालेल्याने खर्चाचा हिशेब करावा

प्रभूनेच लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याचे उदाहरण दिले आहे. बांधायला निघण्याआधी बसून हिशेब करावा, असे तो शिकवतो. म्हणून मी कोणालाही भावनेच्या भरात "जा" असे सांगणार नाही. तिशी ओलांडून नर्सिंगकडे वळणाऱ्यांनी काही गोष्टी नीट माहीत करून घ्याव्या.

भारतीय परिचर्या परिषदेचे अभ्यासक्रम मुख्यतः असे. एएनएम हा दोन वर्षांचा, जनरल नर्सिंग म्हणजे जीएनएम हा तीन वर्षांचा, आणि बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. जीएनएम झाल्यावर पुढे दोन वर्षांत पदवीही घेता येते. प्रवेशाला बारावी लागते. बी. एस्सी.ला विज्ञान शाखा हवी, एएनएम आणि जीएनएमला इतर शाखांच्या मुलींनाही वाव आहे. वयाची कमाल मर्यादा परिषदेने साधारणपणे ३५ वर्षांची ठेवली आहे. राज्याच्या प्रवेशाचे नियम याहून कडक असू शकतात आणि बदलतातही. म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. कोणाच्या सांगण्यावर बसू नये आणि कोणाच्या सांगण्यावर पैसे भरू नयेत.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहीत आहे. आपल्या मध्य प्रदेशात नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेत मोठे गैरव्यवहार उघडकीस आले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने चौकशी केली, अनेक महाविद्यालये अपात्र ठरली, आणि २०२४ साली त्या चौकशीतल्याच काही अधिकाऱ्यांना लाचेच्या आरोपावरून अटक झाली. या गोंधळात हजारो मुलामुलींच्या परीक्षा रखडल्या. अठरा वर्षांच्या मुलीची दोन वर्षे वाया गेली तर तिला कसेबसे सावरता येते. पस्तिशीजवळ आलेल्या बाईला ते परवडत नाही. म्हणून फी भरण्याआधी स्वतः जाऊन पाहा. संस्थेला चालते रुग्णालय आहे का? खाटांवर पेशंट आहेत का? गेल्या वर्षीच्या मुलींची परीक्षा झाली का, आणि त्यांची नोंदणी झाली का? एवढे विचारायला संकोच करू नका. गिदोनाने तर प्रत्यक्ष देवाकडे खूण मागितली होती.

काम कष्टाचे आहे. आठ-आठ, कधी बारा तास पायांवर उभे राहणे, रात्रपाळी, पेशंटला उचलणे, मलमूत्र काढणे, नातेवाइकांचा राग सोसणे. पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे ज्यांना आधीच आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच पाऊल टाकावे. शिवाय अभ्यास आहे. शरीररचना, औषधांची नावे, मात्रेचे गणित. चुकीच्या मात्रेला प्रेमळ स्वभावाची सबब चालत नाही. दयाळू शोमरोन्याने तेल आणि द्राक्षारस जखमेवर ओतला याचा अर्थ जखमेवर काय घालावे हे त्याला ठाऊक होते.

आणि मजुरीविषयीही बोलू. काही लोकांना वाटते की सेवा म्हटली की पगाराचे नाव काढू नये. दृष्टान्तातल्या धन्याने असे कधी म्हटले नाही. त्याने मजुरी ठरवली, आणि संध्याकाळी ती हातावर ठेवली. खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन असू नये अशी शिफारस केली. ती शिफारस सर्वत्र पाळली जात नाही. म्हणून आपल्यापैकी जे रुग्णालयांचे विश्वस्त आहेत, दवाखाने चालवतात, त्यांना माझी विनंती आहे. ख्रिस्ती सेवेच्या नावाखाली कोणा बहिणीची मजुरी अडवून ठेवू नका. याकोबाच्या पत्रात अशा अडवलेल्या मजुरीविषयी फार कठोर शब्द आहेत.

ज्यांचे वय मर्यादेपलीकडे गेले आहे त्यांनी निराश होऊ नये. रुग्णाला भेटणे, म्हाताऱ्या माणसाच्या घरी दोन तास बसून थकलेल्या सुनेला झोपू देणे, दवाखान्यात कागद भरून देणे, ही कामेही द्राक्षमळ्यातलीच आहेत. मत्तय पंचविसाव्या अध्यायात प्रभू आपणांस परीक्षेचे प्रमाणपत्र विचारत नाही. मी आजारी होतो तेव्हा तू आलास का, एवढेच तो विचारतो.

तिसरी गोष्ट : पाचारण एकीला येते, पण वाट मंडळीने करून द्यायची असते

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी पौल फिबी नावाच्या स्त्रीची ओळख करून देतो. ती किंख्रियाच्या मंडळीची सेविका होती. पौल तिला आपली बहीण म्हणतो. रुग्णालयात आपण अनोळखी नर्सला "सिस्टर" म्हणून हाक मारतो, तेव्हा नकळत पौलाचाच शब्द वापरतो, असे मला वाटते.

फिबीविषयीचे हे पहिले वचन आपण महिलादिनाला आवडीने वाचतो. पण दुसऱ्या वचनात पौल मंडळीला एक काम सांगतो, ते आपण विसरतो. तिला ज्या ज्या गोष्टीची गरज पडेल त्या त्या गोष्टीत तुम्ही तिच्या पाठीशी उभे राहा, कारण ती पुष्कळांच्या पाठीशी उभी राहिली आहे, असा त्याचा भावार्थ आहे. जी सेविका पुष्कळांचा भार उचलते तिचा भार कोण उचलणार? पौल म्हणतो, तुम्ही.

माझ्या बहिणीला महाराष्ट्रातल्या एका जुन्या मिशन रुग्णालयाच्या शाळेत २०२४ साली प्रवेश मिळाला. तेव्हा तिचे वय चौतीस. वसतिगृहात राहणे भाग होते. मग प्रश्न आला, मुलीचे काय? तोच प्रश्न, जो मी वर्षापूर्वी तिला गप्प करण्यासाठी विचारला होता. या वेळी तो मला स्वतःला विचारायचा होता. माझी भाची आता आमच्याकडे राहते. माझी पत्नी तिचा डबा करते, मी तिचा अभ्यास घेतो आणि वेणी घालायलाही शिकलो आहे. पहिल्या महिन्यात भांग वाकडा पडे आणि ती शाळेत जाताना रडत असे. मंडळीतल्या एका बंधूने पुस्तकांचे पैसे दिले आणि नाव सांगू नका म्हणाले. दोन भगिनी आळीपाळीने शनिवारी मुलीला आपल्या घरी नेतात. फार मोठे असे यांतले काहीच नाही. पण यांतले एक जरी नसते तरी माझी बहीण आज त्या वॉर्डात उभी नसती.

म्हणून आपल्या मंडळ्यांपुढे मी तीन विनंत्या ठेवतो. पंचकमिटीने विचार करावा की शिकू इच्छिणाऱ्या अशा बहिणींच्या मुलांना सांभाळण्याची काही सोय आपण करू शकतो का. जी नर्स रविवारी ड्यूटीवर असते तिची गैरहजेरी मोजू नये. शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताच्या मनुष्याला बरे करणाऱ्या प्रभूने ती मोजली नसती. उलट पाळकसाहेबांनी सायंकाळी तिच्या घरी जाऊन प्रार्थना करावी. आणि रात्री बारा वाजता कामावरून परतणाऱ्या बाईविषयी कोणी चौकात बोलू लागला, तर आपल्यापैकी एकाने तरी तेथेच त्याला थांबवावे.

संडे स्कूलच्या शिक्षकांना एक वेगळी विनंती. "मोठेपणी कोण होणार?" असे आपण मुलांना विचारतो आणि डॉक्टर, इंजिनिअर म्हटले की टाळ्या वाजवतो. एखादी मुलगी नर्स म्हणाली की आपला हात जरा सावकाश वर जातो. मुले ते पाहतात. आणि एखादा मुलगा नर्स होईन म्हणाला तर वर्ग हसतो, आपणही हसतो. येत्या रविवारी द्राक्षमळ्याचा धडा घ्याल तेव्हा आपल्याच मंडळीतल्या एखाद्या नर्सला, परिचारकाला वर्गात बोलवा. गणवेशात बोलवा. रात्री तीन वाजता वॉर्डात काय काम असते ते मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.

शेवटी

हे सर्व आनंदाने संपले, असे मी म्हणू शकत नाही. माझी बहीण पहिल्या वर्षी एका विषयात नापास झाली. मराठी माध्यमातून शिकलेली, पुस्तके इंग्रजीत. वर्गातल्या मुली तिला "मावशी" म्हणत. त्या रात्री तिने फोन केला आणि म्हणाली, "दादा, तूच बरोबर होतास का रे?" मी काय बोलावे ते मला सुचेना. पूर्वी मला उत्तरे फार लवकर सुचत असत. शेवटी मी एवढेच म्हणालो, "मी चुकलो होतो. तू उद्या सकाळी ड्यूटीला जा." ती गेली. तो विषय पुढच्या परीक्षेत सुटला. त्याच मुली आता घाबरल्या की मावशीला शोधत येतात.

मध्यंतरी तिने सांगितले. एका म्हाताऱ्या बाबांचा शेवट जवळ आला होता आणि त्यांचा मुलगा पुण्याहून निघाला होता, पण पोहोचला नाही. तिची ड्यूटी संपली होती. ती थांबली. त्यांचा हात धरून बसली. मुलगा आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "ते एकटे नव्हते."

ते वाक्य तिला कोणी दिले हे त्या मुलाला ठाऊक नाही. इंदूरच्या त्या अनोळखी नर्सलाही ठाऊक नाही. ते धन्याला ठाऊक आहे.

आपल्या घरात, आपल्या मंडळीत आज कोण चौकात उभे आहे? नवरा गेलेली, शाळा बंद पडून नोकरी सुटलेली, मुले मोठी होऊन हात रिकामे झालेली, कारखान्यातून कमी केलेला? त्यांना "या वयात काय?" असे विचारण्याआधी आपण क्षणभर थांबू या. कदाचित धनी त्यांच्यासाठीच पाचव्यांदा बाजारात आला असेल, आणि आपण मधे उभे असू.

प्रार्थना : हे द्राक्षमळ्याच्या धन्या, ज्यांना कोणी बोलावले नाही त्यांच्यासाठी तू उशिराही बाहेर येतोस, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. आम्ही कोणाची वाट अडवली असेल तर आम्हांस क्षमा कर. या रात्री ज्या भगिनी आणि जे बंधू रुग्णांच्या उशाशी जागे आहेत त्यांचे हात बळकट कर. ज्यांना तू नव्या कामाला बोलावत आहेस त्यांना धैर्य दे, आणि त्यांचा भार उचलण्यास आम्हांला सिद्ध कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.